बहुवारिकांची मातृनामे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते रसायनशास्त्र शिकवीत आणि मी आयुष्यभर मराठी शिकवली. संस्थेचे निमंत्रण आले तेव्हा संतसाहित्यावर किंवा बडोद्याच्या मराठी ग्रंथव्यवहारावर बोलावे, अशी काहींची अपेक्षा होती. मी मात्र गुरुजींच्या आणि माझ्या विषयांच्या बांधावरचा एक विषय निवडला आहे. ज्यांना आपण सरसकट ‘प्लॅस्टिक’ म्हणतो, त्या कृत्रिम द्रव्यांना त्यांची नावे कशी पडली आणि ती नावे वाचावीत कशी, हा तो विषय. मी रसायनशास्त्रज्ञ नाही. परंतु शब्दाला प्रत्यय लागून नवे नाव कसे सिद्ध होते, हा माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय होता; त्या वाटेने मी येथवर आलो आहे.

बडोद्यात हा विषय परका वाटू नये. १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्स ही सरकारी कंपनी येथे स्थापन झाली. ती पुढे २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाली. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या कित्येकांची उमेद या कारखान्यांत गेली. त्यांच्यापैकीच एका विद्यार्थ्याने, निवृत्त झाल्यावर, मला एकदा विचारले, “सर, तीस वर्षे मी पॉलिएथिलीनच्या पोत्यांवर सही करीत होतो. पण त्यात एथिलीन नेमके असते कुठे?” प्रश्न रसायनाचा वाटतो, माझ्या मते तो निम्मा व्याकरणाचा आहे.

प्रथम दोन पारिभाषिक शब्द. ‘पॉलिमर’ हा शब्द स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस याने १८३३ साली घडवला. ग्रीकमध्ये ‘पॉली’ म्हणजे पुष्कळ, ‘मेरोस’ म्हणजे भाग. त्याला आजचा अर्थ अभिप्रेत नव्हता. मूलद्रव्यांचे प्रमाण तेच, पण अणूंची संख्या पटीत, अशा पदार्थांसाठी त्याने तो योजला होता. रेणू हजारो दुव्यांच्या साखळीसारखा लांब असू शकतो, हे जर्मनीच्या हेर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० पासून हट्टाने मांडले. समकालीनांनी त्यांची पुष्कळ हेटाळणी केली आणि १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मराठी विश्वकोशाने पॉलिमरला ‘बहुवारिक’ आणि ज्या लहान रेणूपासून ते बनते त्या मोनोमरला ‘एकवारिक’ म्हटले. हिंदीने ‘बहुलक’ आणि ‘एकलक’ पत्करले. मला मराठी शब्द अधिक आवडतो. ‘वार’ म्हणजे खेप: एकवार, दोनवार, वारंवार. ग्रीक शब्द ‘पुष्कळ भाग’ एवढेच सांगतो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, हा साखळीचा खरा स्वभाव आपल्या शब्दात ऐकू येतो.

आता एथिलीनकडे वळू. एथिलीन हा वायू आहे. त्याच्या रेणूत दोन कार्बन अणू एकमेकांना दुहेरी बंधाने धरून असतात. फुगडी घालणाऱ्या दोन मुली डोळ्यांसमोर आणा. दोघींचे दोन्ही हात एकमेकींत गुंतलेले. अशा पुष्कळ जोड्या मैदानात आहेत. आता प्रत्येकीने जोडीदारणीचा एक हात सोडला आणि त्या मोकळ्या हाताने शेजारच्या जोडीतील मुलीचा हात धरला, तर फुगड्या मोडतात आणि एक लांबच लांब साखळी तयार होते. त्या साखळीचे नाव पॉलिएथिलीन. मुली त्याच, संख्या तीच, पण फुगडी एकही उरली नाही. आणि एथिलीनचे एथिलीनपण तर त्या फुगडीतच, म्हणजे दुहेरी बंधातच आहे. ब्रोमिनच्या तांबूस पाण्यातून एथिलीन सोडले की रंग उडतो. तेथे पॉलिएथिलीनची पिशवी बुडवून ठेवली तर ती ढिम्म राहते. एथिलीन केळी पिकवते, पॉलिएथिलीन पिकवत नाही. (पिशवीत बांधून ठेवलेली फळे लवकर पिकतात, ती फळांनी स्वतःच सोडलेल्या एथिलीनमुळे. पिशवी फक्त ते कोंडून ठेवते.)

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की, पॉलिएथिलीनमध्ये एथिलीन कोठेच नाही. मग ते नावात का आहे? तर ते द्रव्य एथिलीनपासून जन्मले म्हणून.

संस्कृत व्याकरणात यासाठी तयार घर आहे. पाणिनीने अपत्यार्थी तद्धित प्रत्ययांचा स्वतंत्र विचार केला आहे. दशरथाचा दाशरथी, वसुदेवाचा वासुदेव, कुंतीचा कौंतेय, गंगेचा गांगेय. आपल्या महाराष्ट्रदेशी राज्य केलेल्या सातवाहनांत तर आईचे नाव मिरवण्याची रीतच होती. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांनी आपल्यापर्यंत पोचवली. ‘कौंतेय’ म्हटल्याने अर्जुनाची आई कळते. तो धनुर्धर होता हे कळत नाही. भीमही कौंतेय आणि युधिष्ठिरही कौंतेय. पॉलिएथिलीन, पॉलिप्रोपिलीन, पॉलिस्टायरीन ही नावे याच जातीची, म्हणजे मातृनामे आहेत. दृष्टांत एकदेशी असतो हे खरे. येथे आई अपत्यापासून वेगळी उरत नाही. असंख्य आयाच हात धरून उभ्या राहतात आणि तेच अपत्य होते. तरी नाव पडण्याची रीत तीच आहे.

योगायोग पाहा, खुद्द ‘एथिलीन’ हे नावही कन्यावाचक आहे. त्यातील ‘-ईन’ हा अंत्यभाग ग्रीक स्त्रीनामांत ‘अमक्याची कन्या’ या अर्थी येणाऱ्या प्रत्ययावरून एकोणिसाव्या शतकात घेतला गेला. ‘एथिल’ या गटातून एक हायड्रोजन वजा झाला की उरते ती त्याची कन्या, एथिलीन. पुढे १८६६ साली हॉफमान या जर्मन रसायनज्ञाने हायड्रोकार्बनांसाठी स्वरांच्या क्रमाने -एन, -ईन, -आइन अशी प्रत्ययमालिका सुचवली, जणू त्यांची बाराखडीच. म्हणजे पॉलिएथिलीन ही नात झाली आणि तिच्या नावात आई व आजी दोघी आहेत.

एका द्रव्याला दोन आया असल्या तर? खुद्द पॉलिएथिलीनचीच ही कथा आहे. आपण त्याचा जन्म १९३३ चा मानतो. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये नॉर्थविचजवळच्या विनिंग्टन येथे, इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत, गिब्सन आणि फॉसेट हे एथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड यांच्यावर प्रचंड दाब देऊन पाहत होते. अपेक्षित विक्रिया झाली नाही, पण पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. परंतु त्याआधी पस्तीस वर्षे, १८९८ साली, फॉन पेखमान या जर्मन रसायनज्ञाच्या हाताखाली डायझोमिथेन या वेगळ्याच पदार्थातून असाच पांढरा मेणचट साका पडला होता. १९०० साली बामबेर्गर आणि चिर्नर यांनी त्याची तपासणी केली. एक कार्बन व दोन हायड्रोजन, म्हणजे ‘मेथिलीन’ हा तुकडा त्यात ओळीने येतो हे ओळखून त्यांनी त्याला ‘पॉलिमेथिलीन’ म्हटले. साखळी मुळात तीच. एका घरी ती एथिलीनची लेक म्हणून नांदली, दुसऱ्या घरी अंगलक्षणावरून ओळखली गेली.

शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राची जी आंतरराष्ट्रीय संघटना नामकरणाचे नियम करते, तिने हा तंटा मोठ्या समजूतदारपणे सोडवला. तिने दोन पद्धती मान्य केल्या: एक उगमावरून नाव, दुसरी रचनेवरून नाव. रचनेच्या नियमाने आपली पिशवी ‘पॉली(मेथिलीन)’ची ठरते. बाजारात आणि कारखान्यात मात्र उगमनामच चालले, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. अर्जुनाला त्याच्या गुणांवरून दहा नावे असली तरी युद्धभूमीवर हाक ‘कौंतेया’ अशीच येते.

स्टायरीनची वंशावळ तर थेट आपल्या देवघरात येते. १८३९ साली बर्लिनमधील एडुआर्ट सिमोन या औषधविक्रेत्याने स्टोरॅक्स नावाच्या सुगंधी डिंकातून एक तेल ऊर्ध्वपातनाने काढले आणि डिंकाच्या नावावरून त्याला ‘स्टायरॉल’ म्हटले. ठेवून दिल्यावर ते तेल आपोआप घट्ट झाले. हवेतील ऑक्सिजन लागून असे झाले असावे, या समजुतीने त्याने त्याला स्टायरॉलचे ऑक्साइड मानले. १८४५ साली ब्लाइथ आणि हॉफमान (बाराखडीवाला हॉफमान तो हाच) यांनी दाखवले की ऑक्सिजन नसतानाही तसेच होते. घनरूप झालेले ते द्रव्य म्हणजे आजचे पॉलिस्टायरीन. आता हा स्टोरॅक्स कोण? आपल्या वैद्यकात आणि धूपद्रव्यांत ज्याला ‘शिलारस’ म्हणतात तो. अमरकोशात त्याला ‘तुरुष्क’ आणि ‘यावन’ अशी नावे आहेत, म्हणजे तो पश्चिमेकडून येतो हेही नावातच नोंदलेले. गणपतीच्या मखरासाठी आपण वर्षानुवर्षे जे थर्माकोल कापले ते फुगवलेले पॉलिस्टायरीन आहे. मखरापुढे जळणारा धूप आणि ते मखर हे नात्याने एकमेकांचे आप्त निघतात. आज स्टायरीन झाडापासून काढत नाहीत. ते बेन्झीन आणि एथिलीन यांपासून बनवतात. झाड गेले, नाव राहिले. ‘थर्माकोल’ या शब्दात मात्र यातले काहीच सापडत नाही. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या ज्या प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, तिच्या यादीत सजावटीचे पॉलिस्टायरीन आहे. थर्माकोल म्हणजेच पॉलिस्टायरीन, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो नियम वाचूनही कळायचा नाही. म्हणूनच सरकारला कंसात ‘थर्माकोल’ लिहावे लागले.

मातृनामांत काही नावे फसवी आहेत. त्यांतील सर्वांत विलक्षण पॉलिव्हायनिल अल्कोहोलचे. नावावरून कोणीही म्हणेल की हे व्हायनिल अल्कोहोलपासून बनते. पण व्हायनिल अल्कोहोल बाटलीत भरून ठेवता येतच नाही; ते तयार होताच रूप पालटून ॲसिटाल्डिहाइड होते. मग त्याची साखळी कोठून आली? सुतार लाकूड जोडण्यासाठी जो पांढरा दुधट सरस वापरतो तो पॉलिव्हायनिल ॲसिटेटचा. व्हायनिल ॲसिटेटची साखळी आधी करून घेतात आणि मग तिच्या अंगावरचे ॲसिटेटचे गट काढून तेथे अल्कोहोलचे गट बसवतात. १९२४ साली हेर्मान आणि हेनेल यांनी ही युक्ती साधली. जन्म एकीचा, नाव दुसरीचे. महाभारतात यालाही जोड आहे: कुंतीचा पुत्र कर्ण जन्मभर ‘राधेय’ म्हणवला गेला. फरक एवढाच की राधा होती, तिने त्याला वाढवले. येथे नाव देणारी आई मांडीवर घेण्याइतका वेळही टिकत नाही.

रबराच्या बाबतीत गोष्ट उलटी घडली. झाडाच्या चिकात रबर आधीपासून होते. १८६० साली ग्रेव्हिल विल्यम्स या इंग्रज रसायनज्ञाने रबर तापवून, त्याचे विघटन करून एक उडून जाणारा द्रव मिळवला आणि त्याला ‘आयसोप्रीन’ नाव दिले. मग रबराला म्हणू लागले ‘पॉलिआयसोप्रीन’. लेकीला मोडून आई काढली आणि त्या आईचे नाव लेकीला लावले. वस्तुतः रबराचे झाड आयसोप्रीनच्या रेणूंची साखळी करीतच नाही. त्याचा कच्चा माल त्याच्या नात्यातला, पण निराळा असतो. आणखी एक गंमत म्हणजे, गटापर्चा हा कडक, न ताणणारा पदार्थही पॉलिआयसोप्रीनच आहे. दुवे तेच, पण प्रत्येक दुव्यावर साखळीचे वळण वेगळ्या बाजूला. एक ताणले तर हातभर लांबते, दुसरे गोल्फच्या चेंडूंना कवच म्हणून चालले. एका आईच्या दोन लेकी स्वभावाने इतक्या वेगळ्या असल्यावर नावाला उपपद जोडावे लागते, तसे येथे ‘सिस’ आणि ‘ट्रान्स’ जोडावे लागले.

याच्या अगदी विरुद्ध, जेथे जन्मनामाने खरोखर मोठे काम केले आहे, ते नायलॉनचे. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपॉंट कंपनीत कॅरदर्स यांनी जे नायलॉन बनवले ते ‘६,६’. यातील पहिला आकडा डायअमाइन या घटकातील कार्बन अणूंचा, दुसरा ॲसिडातील कार्बन अणूंचा. दोन घटक, दोन आकडे, आणि पाण्याचा रेणू बाहेर टाकून दोघांची गाठ. १९३८ साली जर्मनीत पाउल श्लाक यांनी कॅप्रोलॅक्टम या एकाच, सहा कार्बनांच्या घटकापासून तसाच धागा काढला. तो ‘नायलॉन ६’. दोन्ही धाग्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण अगदी तेच आहे. नुसते पृथक्करण केले तर दोन्ही एकच भासतील. पण ‘६,६’ सुमारे २६५ अंश सेल्सिअसला वितळते आणि ‘६’ सुमारे २२० अंशांना. म्हणजे येथे आईबापांची संख्या सांगणारे नाव धाग्याचा स्वभावही सांगून जाते. कॅप्रोलॅक्टम आपल्या बडोद्यातही बनते, हे येथील मंडळी जाणतात. त्या नावातील ‘कॅपर’ म्हणजे लॅटिनमध्ये बोकड. कॅप्रॉइक ॲसिडाला बोकडासारखा दर्प येतो म्हणून ते नाव पडले. नायलॉनची साडी नेसणाऱ्या आपल्या आजीला हे कोणी सांगितले नाही हे बरेच झाले.

आता कंसाचा मुद्दा, जो मला भाषेचा शिक्षक म्हणून सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकवारिकाचे नाव दोन शब्दांचे असेल तर ‘पॉली’ कोणाला लागू? ‘पॉलिव्हायनिल क्लोराइड’ म्हणजे पुष्कळ व्हायनिलांचे एक क्लोराइड की व्हायनिल क्लोराइड पुष्कळ वेळा? मराठीत ही अडचण सामान्यरूप सोडवते. ‘जुने पुस्तकांचे दुकान’ म्हटले तर दुकान जुने. ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ म्हटले की पुस्तके जुनी. विशेषण कोणाकडे झुकते ते त्याचे रूपच सांगते. इंग्रजीत आणि रसायनाच्या भाषेत ती सोय नाही. म्हणून १९५२ साली आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अहवालात नियम झाला की, असे नाव कंसात घालावे: पॉली(व्हायनिल क्लोराइड). हा कंस म्हणजे लिखित समासविग्रह.

तो कंस गाळला की काय होते, ते पाण्याच्या बाटलीवर पाहावे. ती बाटली पॉली(एथिलीन टेरेफ्थॅलेट)ची असते. १९४१ साली मँचेस्टरमधील व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलेले पॉलिएस्टर. एथिलीन ग्लायकॉल आणि टेरेफ्थॅलिक ॲसिड हे तिचे घटक. कंस गाळून ‘पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट’ लिहिले की शिकलेली माणसेही ती पॉलिएथिलीनचीच एक जात समजतात. खात्री करायची असेल तर बाटलीचा तुकडा आणि तिचे झाकण पाण्यात टाका. बाटलीचा तुकडा बुडेल, आणि झाकण तरंगेल, कारण ते बहुधा पॉलिएथिलीनचे वा पॉलिप्रोपिलीनचे असते. भंगार वेगळे करणाऱ्यांच्या धंद्यात हा भेद पैशाचा आहे. बाटल्यांच्या ढिगात थोडे पीव्हीसी मिसळले, तर वितळवताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि साराच माल पिवळा पडून खराब होतो.

दोन एकवारिके एकाच साखळीत आली तर द्वंद्व समास होतो. स्टायरीन आणि ब्युटाडाइन यांच्या नावांमध्ये एक छोटा शब्द घालून ती कशी गुंफली आहेत ते सांगतात: सरमिसळ की आलटून पालटून, की सलग गठ्ठ्यांनी, की एकीच्या खोडावर दुसरीची फांदी. शेवटच्या प्रकाराला इंग्रजीत ‘ग्राफ्ट’ म्हणतात आणि त्यासाठी आपल्या माळ्याचा ‘कलम’ हा शब्द जसाच्या तसा चालावा. जर्मनांनी केलेल्या कृत्रिम रबराचे ‘बुना’ हे नाव मात्र मासलेवाईक आहे. त्यातील ‘बु’ ब्युटाडाइनचा आणि ‘ना’ नेट्रियमचा, म्हणजे साखळी जुळवून देणाऱ्या सोडियमचा. बाळाच्या नावात आईबरोबर सुईणीचेही नाव! पुढे बुना-एस हा प्रकार सोडियमशिवाय होऊ लागला, तरी सुईण नावातून गेली नाही.

इतका वेळ आपण शब्दांची गंमत पाहिली. या नावांत माणसांचे जीवही गुंतले आहेत. पीव्हीसीचा नळ आपल्या घराघरांत आहे आणि तो निरुपद्रवी दिसतो. त्याची आई व्हायनिल क्लोराइड हा वायू. १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुइव्हिल येथील पीव्हीसीच्या कारखान्यात काम केलेल्या कामगारांना यकृताचा एक अतिदुर्मिळ कर्करोग झाल्याचे उघडकीस आले. बहुवारिक घडवण्याच्या बंद पात्रात उतरून आतली खपली हाताने खरवडणे हे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना या वायूचा सर्वाधिक संसर्ग झाला होता. त्यानंतर कारखान्याच्या हवेतील व्हायनिल क्लोराइडची मर्यादा अमेरिकेत दशलक्ष भागांत एक भाग इतकी खाली आणली गेली. तेव्हा नळाला हात लावताना त्याच्या आईचे भय धरण्याचे कारण नाही, आणि नळ निर्धोक म्हणून कारखान्यातील आईला निर्धोक मानणे तर घातकच. दोन्ही गोष्टी एकाच नावातून वाचता आल्या पाहिजेत. ज्या कामगाराला नाव फोडता येते त्याला आपण काय हुंगतो आहोत हे कळते.

म्हणूनच जी नावे आईला झाकून ठेवतात, त्यांच्याविषयी मी अधिक साशंक असतो. ‘पॉलिकार्बोनेट’ हे नाव साखळीतल्या गाठीवरून पडले. तिचा मुख्य घटक बिस्फेनॉल-ए नावात येतच नाही. २०११ साली युरोपीय संघाने बाळांच्या दुधाच्या पॉलिकार्बोनेट बाटल्यांत बिस्फेनॉल-ए वापरण्यास बंदी केली, तेव्हा पुष्कळ आयांना ते नाव प्रथमच ऐकू आले असेल. व्यापारी नावे तर याहून पुढची. त्यांत ना आई, ना कुळ.

उलट बाजूने, सोज्ज्वळ आईचे नाव लावूनही दिशाभूल होते. सध्या ‘पॉलिलॅक्टिक ॲसिड’च्या पेल्यांचा बोलबाला आहे. लॅक्टिक ॲसिड म्हणजे दह्यातले आम्ल, ते मक्याच्या पिठुळ अंशापासून मिळते, म्हणून पेला दह्याइतकाच निसर्गाचा आणि टाकला की मातीत मिसळणार, असा समज होतो. पण तो पेला आपल्या परसातल्या खतखड्यात वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. त्याला साधारण साठ अंशांची सततची ऊब असलेली औद्योगिक खतभट्टी लागते. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून एथिलीन काढून मोठ्या प्रमाणावर पॉलिएथिलीन बनवतात. खनिज तेल वाचते हे खरे; परंतु आजोळ बदलले म्हणून लेक बदलली नाही. ती पिशवी तेलाच्या पिशवीइतकीच न कुजणारी आहे.

शेवटी मराठीचा प्रश्न. ही नावे मराठीत आणताना काय करावे? काही जण म्हणतात, सगळे भाषांतर करा. काही म्हणतात, सगळे जसेच्या तसे घ्या. बडोद्यात या वादाला परंपरा आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराच्या शब्दांचा कोश येथे सिद्ध झाला, तोही एका शब्दाला अनेक भाषांत काय म्हणतात ते शेजारी शेजारी ठेवूनच. माझे मत असे की, आईचे नाव भाषांतरू नये. एथिलीन, स्टायरीन, व्हायनिल क्लोराइड ही विशेषनामेच समजावीत. अहमदाबादच्या कारखान्यातल्या पिंपावर आणि मराठी पुस्तकात ती एकसारखी वाचली गेली पाहिजेत. नाते सांगणारे शब्द मात्र आपले असावेत: एकवारिक, बहुवारिक, सहबहुवारिक, कलम, उगमनाम, रचनानाम. आणि कंस गाळू नये. छापखान्यात कंस हा पहिला बळी पडतो, हे मुद्रिते तपासण्यात जन्म गेलेला माणूस म्हणून सांगतो.

येथील विज्ञानशिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नववी-दहावीच्या वर्गात या नावांची यादी पाठ करून घेण्याऐवजी मुलांना घरातील दहा वस्तूंच्या तळाशी असलेला त्रिकोण आणि आकडा पाहून यायला सांगावे: १ हे बाटलीचे पॉलिएस्टर, २ आणि ४ ही पॉलिएथिलीनची दोन रूपे, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रोपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ बाकीचे सगळे. मग प्रत्येकाची आई कोण, ते फळ्यावर मांडावे. सातव्या आकड्यापाशी मुले अडतील, आणि अडतील तेथे शिक्षकांनाही थोडे शोधावे लागेल.